तान्ह्या बाळाचे लंगोटाखालचे दुखणे



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावी उन्हाळ्याच्या संध्याकाळी ज्ञानाची ही सत्रे भरत आली आहेत. या व्यासपीठांवरून राजकारण, इतिहास, संतवाङ्मय, विज्ञान असे भारदस्त विषय मांडले जातात. त्या पंक्तीत 'बाळाच्या लंगोटाखाली उठणारे पुरळ' हा विषय पाहून कोणाच्या चेहऱ्यावर हसू आले असेल, तर त्यात आम्हाला नवल वाटत नाही. परंतु ज्या घरात तीन महिन्यांचे मूल रात्रभर किंचाळते आहे, त्याच्या कंबरेखालची कातडी सोलवटून लाल झाली आहे, आई त्याला मांडीवर घेऊन पहाटेची वाट पाहते आहे आणि शेजारच्या खोलीतून सासूबाईंचा 'काय खाल्लेस काल?' असा प्रश्न येतो आहे, त्या घरात या विषयाला कोणी हसत नाही. जे दुखणे जवळजवळ प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा डोकावते, त्याविषयी चारचौघांत बोलायची लाज वाटावी आणि म्हणूनच त्यावर चुकीचे उपाय चालत राहावेत, हे बरे नाही. आजचा तासभर आपण ती लाज बाजूला ठेवू.

प्रथम हे दुखणे नवे आहे की जुने, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, बाजारातले डायपर आले आणि हे पुरळ आले. आमच्या आजीच्या वेळी असले काही नव्हते. ही समजूत खरी नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा एक अध्याय आहे. त्यात 'अहिपूतना' नावाचा बालकांचा रोग सांगितला आहे. मलमूत्राने माखलेले मुलाचे गुदस्थान वेळेवर धुतले नाही किंवा तेथे घाम साचून राहिला, की खाज उठते, खाजवल्याने फोड येतात, त्यांतून स्राव होतो आणि ते एकमेकांत मिसळून दारुण व्रण होतो, असा त्या वर्णनाचा आशय आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात हाच रोग वर्णिला आणि त्याची नाना वैद्यांनी ठेवलेली नावे दिली: कोणी मातृकादोष म्हणतात, कोणी अहिपूतन, कोणी पृष्ठारु, कोणी गुदकुट्ट, तर कोणी अनामक. पाच नावे असलेल्या या रोगाचे एक नाव 'अनामक' असावे, ही गंमतच आहे. पण यावरून एक गोष्ट सिद्ध होते. डायपर नव्हते, रबरी चड्डी नव्हती, तेव्हाही हे दुखणे होते, इतके नित्याचे होते की प्रत्येक परंपरेने त्याला आपापले नाव ठेवले होते. आणि मळ, मूत्र, ओल व घाम हे त्याचे कारणही आपल्या पूर्वजांनी अचूक हेरले होते.

मात्र 'मातृकादोष' हे नाव पुढे फार महागात पडले. मुलाला काही झाले की दोष मातेचा, ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. आईने गरम खाल्ले, वांगे खाल्ले, आंबा खाल्ला, म्हणून बाळाच्या अंगातली उष्णता बाहेर पडली, असे आजही सर्रास म्हटले जाते. मग त्या बिचारीचे जेवण तोडतात. क्वचित अंगावरचे दूधही तोडतात. आजचे शास्त्र नेमके उलट सांगते. अंगावर पिणाऱ्या मुलाचा मळ वरच्या दुधावरच्या मुलाच्या मळापेक्षा अधिक आम्ल असतो आणि कातडीला कमी जाचतो. अशा मुलांना हे पुरळ कमी होते. म्हणजे पुरळ आले म्हणून आईचे दूध तोडणे हे शेताला आग लागली असता विहीर बुजवण्यासारखे आहे.

आता हे पुरळ होते तरी कसे? येथे अकोल्यात भातशेती जाणणारी मंडळी पुष्कळ बसली आहेत, म्हणून त्यांच्याच व्यवहारातला दाखला घेऊ. भातखाचराचा बांध पाहा. कोरडा बांध माणसाचे वजन सहज पेलतो. तोच पावसाने भिजून मऊ झाला आणि त्यावरून सारखी ये-जा सुरू राहिली, की कडा ढासळू लागतात. त्यात खेकड्याने पोखरले, की एके रात्री बांध फुटतो आणि सारे पाणी वाहून जाते. बाळाच्या कातडीचे तसेच आहे. ओल हे पहिले कारण. पाण्यात फार वेळ बसल्यावर आपल्या बोटांना सुरकुत्या पडतात, तशी लंगोटाखालची कातडी ओलीने फुगते व नरम होते. घर्षण हे दुसरे. नरम कातडीवर ओले कापड घासले, की ती सोलली जाते. आणि पोखरणारा खेकडा म्हणजे मळातील पाचकरस.

या तिसऱ्या कारणाचा शोध लागायला बराच काळ गेला. १९२१ साली कुक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने दाखवले की, एका जातीचे जंतू मूत्रातून अमोनिया तयार करतात. सकाळी बाळाचा लंगोट सोडताना नाकात झोंबणारा तो उग्र वास तुम्हा सर्वांच्या परिचयाचा आहे, तोच अमोनिया. पुढे कित्येक वर्षे डॉक्टरांनी सारा दोष अमोनियाच्या माथी मारला. १९७७ साली मात्र काही त्वचारोगतज्ज्ञांनी पुरळ असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या लंगोटांतील अमोनिया मोजून पाहिला, तर दोहोंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मग १९८६ सालच्या प्रयोगांतून कोडे उलगडले. आपल्या कातडीचा पृष्ठभाग स्वभावतः किंचित आम्ल असतो, आणि हे आम्लपण म्हणजेच तिचे कवच. मूत्र व मळ एकत्र आले, की अमोनियामुळे ते आम्लपण नष्ट होते. आणि आम्लपण गेले, की मळातले प्रथिने व चरबी पचवणारे रस जागे होतात. पोटात अन्न पचवणारा रस बाहेर बाळाची कातडीच पचवू लागतो! म्हणून नुसत्या मूत्राने भिजलेला लंगोट एकवेळ अर्धा तास चालेल. पण मळाने भरलेला लंगोट पाच मिनिटेही ठेवू नये. आणि म्हणूनच जुलाब लागलेल्या मुलाची कातडी दोन दिवसांत रक्ताळते.

हे झाले सर्वत्र लागू पडणारे शास्त्र. पण शास्त्र गावात आले, की त्याला गावच्या हवेपाण्याशी जुळवून घ्यावे लागते. आपला तालुका एका टोकाला अतिपावसाचा, तर दुसऱ्या टोकाला टंचाईचा. घाटघरला आपल्या जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या पट्ट्यात आषाढ-श्रावणात आठ आठ दिवस ऊन दिसत नाही. वलणीवर टाकलेला लंगोट संध्याकाळी काढावा, तर सकाळी होता त्याहून दमट! मग घरातली बाई तो चुलीच्या वर वाळवते; तो धुरकट, अर्धाओला लंगोट बाळाला बांधला जातो. त्याच दिवसांत आवणी असते. आई गुडघाभर चिखलात वाकलेली, आणि बाळ बांधावर झोळीत, म्हाताऱ्या आजीच्या किंवा सहा वर्षांच्या बहिणीच्या हवाली. लंगोट दोन तासांनी बदलायचा, हे कोणाला सांगायचे? इकडे सखल भागात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, कोप्यांत राहतात. तेथे प्रश्न पावसाचा नसून पाण्याचा. प्यायचे पाणी डोक्यावरून आणायचे, तेथे लंगोट तीन पाण्यांतून खळबळून कसा निघणार? साबण आणि सोडा कापडात राहतो आणि तो कातडीला जाळतो. तेव्हा ज्यांना आपण 'गलिच्छ' म्हणून नाक मुरडतो, त्यांच्या मुलांच्या दुखण्याचे मूळ आळसात नाही. ऊन, पाणी आणि फुरसत या तीन गोष्टींच्या टंचाईत आहे. हे ध्यानात घेतल्यावाचून दिलेला उपदेश हा उपदेश नव्हे, ती अवहेलना होय.

आता उपायांकडे वळू. साधे, नव्याने उठलेले पुरळ घरच्या घरी बरे होते. त्याला पाच गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट हवा. जगातले कोणतेही मलम मोकळ्या हवेची बरोबरी करणार नाही. दिवसातून चार-सहा वेळा, जमेल तितका वेळ, बाळाला जुन्या धोतराच्या घडीवर उघडे निजवावे. अंथरूण ओले होईल, होऊ द्यावे. पूर्वी घरात मूल पहिले कित्येक महिने कंबरेखाली उघडेच असे, त्यात दारिद्र्य जितके होते तितके शहाणपणही होते. बाळाच्या ढुंगणाखाली शेगडी ठेवून शेक किंवा धुरी देण्याची चाल मात्र सोडावी. भाजण्याचे प्रसंग येतात आणि धूर कोवळ्या छातीला बाधतो.

दुसरी गोष्ट धुणे. कोमट साध्या पाण्याने धुवावे. प्रत्येक लघवीला साबण लावण्याचे कारण नाही. साबण कातडीचे आम्लपण घालवतो. मळ चिकटून बसला असेल तर कापसावर थोडे खोबरेल घेऊन हळूच पुसावा. घासू नये. नंतर मऊ कापडाने टिपून घ्यावे, आणि जांघांतल्या घड्या विसरू नयेत. सुगंधी ओल्या पुसण्या आता खेड्यांतही मिळतात. सोललेल्या कातडीला त्या झोंबतात, म्हणून पुरळ असेतो त्या वापरू नयेत.

तिसरी गोष्ट लेप. कातडी कोरडी झाल्यावर झिंक ऑक्साइडचे पांढरे मलम किंवा साधे पेट्रोलियम जेली लावावे. हा लेप लावण्यात बहुतेक जण कंजुषी करतात. चेहऱ्याला स्नो लावतात तसा तो चोळून जिरवायचा नाही. भिंतीला गिलावा करतात तसा जाडसर थापायचा, की मळ व मूत्र कातडीपर्यंत पोहोचूच नये. आणि पुढच्या खेपेला वरचा घाण झालेला थर तेवढा पुसून घ्यावा. खालचा स्वच्छ थर खरवडून काढू नये, त्यावरच नवा चढवावा. दर वेळी लेप घासून काढणे म्हणजे बरी होऊ लागलेली कातडीही त्याबरोबर काढणे.

चौथी गोष्ट लंगोट. सुती, जुन्या धुवट कापडाचा लंगोट उत्तम; पण तो ओला होताच बदलला पाहिजे. वरून रबरी किंवा प्लास्टिकची चड्डी घालू नये. तिने आत वाफ कोंडते. बाजारी डायपरांविषयी आमचे मत विचाराल, तर ते जात्याच वाईट नाहीत. १९८० नंतरच्या दशकात त्यांत मूत्र शोषून गोळा करणारी पूड आली आणि कातडी पूर्वीपेक्षा कोरडी राहू लागली. ज्या घरी पावसाळ्यात लंगोट वाळतच नाहीत, तेथे रात्रीपुरता एक डायपर घालणे हा ओल्या लंगोटापेक्षा बरा मार्ग आहे. दोष वापरण्याच्या रीतीत आहे. डायपर महाग, म्हणून सकाळचा संध्याकाळपर्यंत ठेवायचा, 'अजून भरला नाही' म्हणायचे. आणि तेवढ्या वेळात मूल दोनदा शी करून त्यात बसलेले असते. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा, प्रवरेत नव्हे, हे सांगण्याची वेळ या क्षेत्री येऊ नये.

पाचवी गोष्ट लंगोट धुण्याची. साबण लावल्यावर दोन-तीन स्वच्छ पाण्यांतून खळबळावा; सोडा आणि जंतुनाशक द्रावणे कमीत कमी. उन्हात वाळवावा. ऊन नसेल तर गरम इस्त्री फिरवावी, म्हणजे उरलेली ओल जाते. गरोदरपणीच जुन्या साड्या-धोतरांचे दोन-तीन डझन लंगोट शिवून ठेवले, तर पावसाळ्यातही तारांबळ उडत नाही. ओटीभरणाला भरजरी खण देणाऱ्या आत्या-मावश्यांनी एखादे वर्षी मऊ लंगोटांचे गाठोडे दिले, तर बाळाला त्याचा अधिक उपयोग होईल.

एवढे केल्यावर साधे पुरळ दोन-तीन दिवसांत मावळू लागते. आणि नाही मावळले तर? येथेच आमच्या विषयाचा गाभा आहे. तीन दिवस नीट निगा राखूनही जे पुरळ हटत नाही, ते केवळ ओलीचे पुरळ उरलेले नसते. त्यात दुसरा कोणीतरी शिरला आहे असे समजावे. बहुधा तो कँडिडा नावाचा बुरशीच्या जातीचा जंतू असतो. तो आतड्यात मुळात असतोच. बांध फुटला, की शेतात येतो.

त्याला ओळखण्याची एक साधी खूण आहे, ती प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. ओलीचे व घर्षणाचे पुरळ जेथे लंगोट टेकतो तेथे, म्हणजे ढुंगणाच्या व मांडीच्या उंचवट्यांवर असते; जांघेची घडी उघडून पाहिली तर आतली कातडी बहुधा ठीक असते. बुरशीचे पुरळ घडीतच घर करते. त्याचा रंग गर्द, मांसासारखा लाल, कड स्पष्ट, आणि कडेच्या बाहेर, मुख्य वाडीभोवती वस्त्या पसराव्यात तशा, बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या. बाळाच्या तोंडात, गालाच्या आत व जिभेवर पुसून न निघणारे दह्यासारखे पांढरे थर असतील, तर शंका उरतच नाही. सर्दी-तापासाठी अँटिबायोटिक दिल्यानंतर असे पुरळ विशेषेकरून येते, कारण औषधाने चांगले जंतू मरतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते.

अशा पुरळावर नुसते झिंक महिनाभर लावले तरी ते हटणार नाही; बुरशी मारणारे औषध लागते. क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलचे मलम डॉक्टर देतात. ते बहुधा दिवसातून दोनदा, पातळ, आधी लावावे आणि त्यावर झिंकचा गिलावा चढवावा. पुरळ दिसेनासे झाले की आपण औषध टाकून देतो, आणि आठ दिवसांत ते परत येते. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस, कातडी चांगली दिसू लागल्यावरही, ते चालू ठेवावे. तोंडात बुरशी असेल तर तिचाही उपचार त्याच वेळी व्हावा, आणि आईच्या स्तनाग्रांना आग होत असेल तर तिचाही. नाहीतर आई आणि मूल ती एकमेकांना देत-घेत राहतात.

कातडी पार सोलवटून रक्त येऊ लागले असेल, तर पुसणे पूर्ण बंद करावे. स्वच्छ घमेल्यात कोमट पाणी घेऊन बाळाला त्यात पाच-दहा मिनिटे कंबरेपर्यंत धरून बसवावे, किंवा वरून पाण्याची धार सोडावी. मग टिपून, हवेत वाळवून, जाड लेप द्यावा. मूळ जुलाबाचा असेल तर आधी जुलाब आवरला पाहिजे: अंगावरचे दूध चालू ठेवून जलसंजीवनी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकची गोळी. दोन ते सहा महिन्यांच्या मुलाला रोज दहा मिलिग्रॅम आणि त्यावरच्या मुलाला वीस, असे चौदा दिवस झिंक देण्याची पद्धत आपल्या सरकारी आरोग्यखात्यात रूढ आहे. जुलाब थांबला तरी गोळ्यांचे चौदा दिवस पुरे करावेत.

आता ज्या भागासाठी आम्ही हा विषय मुख्यतः निवडला, त्याकडे येतो. लंगोटाखालच्या पुरळाने मूल सहसा दगावत नाही. परंतु त्यावरच्या उपायांनी मुले दगावली आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कॅरम खेळताना बोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर घ्या. एके काळी ती जगभर बाळांच्या अंगाला लावीत. सोललेल्या कातडीतून ती रक्तात शिरते आणि विषासारखी भिनते. १९५३ साली कॅनडातील गोल्डब्लूम या पितापुत्र बालरोगतज्ज्ञांनी स्वतः पाहिलेले चार रोगी आणि जगाच्या वैद्यकीय वाङ्मयातून शोधलेली बोरिक विषबाधेची १०९ उदाहरणे एकत्र प्रसिद्ध केली, तेव्हा डॉक्टरांचे डोळे उघडले. दुसरे उदाहरण फ्रान्सचे. १९७२ साली तेथे 'मोरांज' नावाची बाळांची टाल्कम पावडर विकली जात होती. कारखान्यातील चुकीने तिच्या एका मालात हेक्झाक्लोरोफेन हे जंतुनाशक सहा टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले. दोनशेहून अधिक बालके आजारी पडली आणि त्यांतील ३६ दगावली. आयांनी काय केले होते? बाळाला लंगोट बांधण्यापूर्वी मायेने पावडर लावली होती, इतकेच. तात्पर्य, फुटलेल्या बांधातून जे आत जाते ते साऱ्या शेतात पसरते. साधी पावडरही लावू नये. तिचा भुगा बाळाच्या श्वासात जातो आणि ओलीत तिचे खडे होऊन ते घासतात. वेखंडाची पूड, हळद, चुना, राख, कात हेही सोललेल्या जागी नको.

आणि तिसरा, आजचा धोका. औषधाच्या दुकानात जाऊन 'बाळाच्या पुरळावर काहीतरी द्या' म्हटले, की एक मलमाची नळी हातात पडते. तिच्यात बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि तीव्र स्टेरॉइड अशी खिचडी असते. एका दिवसात लाली मावळते. आई दुकानदाराला दुवा देते. पण स्टेरॉइड लाली दाबते, कारण दूर करीत नाही. बुरशी आत वाढतच राहते. मलम थांबवले की पुरळ दुप्पट जोमाने उसळते, म्हणून पुन्हा नळी. लंगोट हे एक झाकण आहे. झाकलेल्या जागी औषध कित्येक पटींनी शोषले जाते. कातडी कागदासारखी पातळ होते, गाठी उठतात, आणि महिनोन्महिने वापर झाला तर औषध अंगभर भिनून बाळाचे तोंड सुजल्यासारखे गोल होते व वाढ खुंटते. लोक म्हणतात, 'बाळ कसे गुटगुटीत झाले!' २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टेरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातले. कायदा झाला, पण कायद्याचे राखण दुकानाच्या फळीवर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाने करायचे असते. नळीवर बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल ही अक्षरे दिसली, तर ती नळी बाळाच्या लंगोटाखाली लावू नये, एवढे आज येथून उठताना पदराला गाठ मारून न्यावे. क्वचित फार दाह असेल तेव्हा डॉक्टर सौम्य हायड्रोकॉर्टिझोन थोडे दिवस देतात; ती गोष्ट वेगळी, आणि तो निर्णय त्यांचा.

काही पुरळे तर खरोखर पुरळ नसतातच. ती आतल्या रोगाची वर्दी असतात. गुदद्वाराभोवती रेखून काढल्यासारखी लालभडक चकती आणि शी करताना मूल कळवळते, हा जंतुदोष असतो व त्याला पोटातून औषध लागते. पिवळ्या खपल्या, पू, मोठे फोड हेही तसेच. आणखी एक विलक्षण रोग आहे. लंगोटाखाली पुरळ, तसेच पुरळ तोंडाभोवती, हातापायांच्या टोकांना. सोबत जुलाब, केस विरळ होणे, मूल सदा किरकिरे. १९४२ साली डानबोल्ट व क्लॉस यांनी या रोगाचे वर्णन करून त्याला स्वतंत्र स्थान दिले. त्या काळी अशी मुले बहुधा हाती लागत नसत. कारण कळले १९७३ साली: लंडनच्या बार्न्स व मॉयनाहन यांनी दाखवले की, या मुलांच्या शरीरात जस्त कमी पडते. जस्त पोटात देताच काही दिवसांत, जादू व्हावी तशी कातडी भरून येते. जे मूल मलमांच्या वीस नळ्यांनी बरे झाले नसते, ते थोड्याशा जस्ताने वाचते. म्हणून आम्ही पुनःपुन्हा म्हणतो की, हटवादी पुरळावर मलम बदलत बसू नये; निदान बदलून पाहावे.

डॉक्टरकडे केव्हा जावे, याचा नियम सोपा आहे. मूल महिन्याच्या आतले असेल, ताप असेल, दूध पिईना किंवा मलूल झाले असेल, फोड, पू वा रक्त दिसत असेल, पुरळ लंगोटाबाहेर पसरत असेल, तर त्याच दिवशी. बाकी सर्वांनी तीन दिवस निगा राखून गुण नसेल तर चौथ्या दिवशी.

कोणी म्हणेल, घाटमाथ्यावरच्या वाडीतून दवाखाना जवळ का आहे? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने जगाला दिले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी खेड्यांतल्या, अनेकदा निरक्षर अशा बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. आणि ज्या बाईला कालपर्यंत कोणी विचारीत नव्हते, ती गावाच्या आरोग्याची राखणदार झाली. या कामासाठी त्या दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवून बालमृत्यू कसे खाली आणता येतात, हे १९९९ साली जगापुढे मांडले. आज गावोगावी असलेली आशाताई ही याच विचाराची लेक आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. ती आली, की तिला नुसता चहा देऊन वाटेला लावू नका. लंगोट सोडून दाखवा. घडी उघडून दाखवा. लाजू नका.

आणि शेवटचे मागणे समोर बसलेल्या बंधूंकडे. आजवर सांगितलेले सारे उपाय वेळ मागतात: दर दोन-तीन तासांनी लंगोट, दर वेळी धुणे, टिपणे, वाळवणे, लेपणे. एकट्या बाईचे हात त्याला पुरत नाहीत; आवणीच्या दिवसांत तर नाहीतच. बापाने लंगोट बदलला तर त्याची मिशी खाली येत नाही. आजोबांनी उन्हात वाळत घातलेले लंगोट पाऊस दिसताच गोळा करून आणले, तर त्यांचा मान कमी होत नाही. बाळाच्या अंगावरचे पुरळ हा आईच्या निष्काळजीपणाचा दाखला नव्हे. बरे होण्यासाठी त्या घरातल्या साऱ्यांचे हात हवे असलेले ते एक दुखणे आहे. वाग्भटाने नोंदलेल्या पाच नावांपैकी 'मातृकादोष' हे नाव तेवढे आपण या व्यासपीठावरून आज रद्द करू या.